चाकाखाली चेंगरलेलं पाऊल: पहिल्या तपासणीपासून फ्लॅप बसेपर्यंत

चाक पावलावरून गेलेला पेशंट आला की सगळे आधी एक्स-रे लाइटसमोर धरतात. मेटाटार्सल (बोटांमागची पावलाची लांब हाडं) किती मोडले, टाचेचं हाड फुटलंय का, हे लगेच मोजून होतं. पण त्या पावलाचं पुढे काय होणार हे बहुतेक वेळा कातडीवर ठरतं. मोडलेलं मेटाटार्सल आठवड्यानंतरही तारेवर बसवता येतं. आठवड्यानंतर काळी पडलेली कातडी मात्र कापूनच काढावी लागते, आणि तोवर तिच्याखालचं हाड जंतूंच्या ताब्यात गेलेलं असतं. म्हणून इथे जे लिहिलंय त्याचा रोख कातडीवर आहे: ती कधी फसवते, कधी वाचवता येते, आणि गेली तर तिथे कोणता फ्लॅप (स्वतःच्या रक्तपुरवठ्यासकट आणलेली कातडी किंवा मांस) आणून बसवायचा. वाचक म्हणून समोर आहेत ते कॅज्युअल्टीत असं पाऊल पहिल्यांदा पाहणारे डॉक्टर आणि ऑर्थो-प्लास्टिकचे रेसिडेंट. नातेवाइकांनी वाचलं तर आपल्या माणसाला चार-पाच वेळा ओटीत का नेतात, एवढं तरी नक्की कळेल.

इजा कशी झाली ते नीट विचारा

टायर पावलावरून फिरतो तेव्हा कातडीला धरून फिरतो. हाड जमिनीला दाबलेलं असतं, कातडी चाकाबरोबर ओढली जाते, आणि दोन्हींच्या मधल्या थरातून वर येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात. यालाच डिग्लोव्हिंग म्हणतात. कधी कातडी मोज्यासारखी उलटून निघते. ते दिसतं, त्यामुळे निदान चुकत नाही. घात करतो तो बंद प्रकार. वरून फक्त खरचटलेलं, थोडं सुजलेलं पाऊल दिसतं आणि आत कातडी पूर्ण सुटलेली असते. बोटाने हलवली तर ती खालच्या थरावर सरकते, दाबून सोडली तर रंग परत यायला वेळ लागतो, टोचलेलं कळत नाही. असं पाऊल ‘फ्रॅक्चर नाही’ म्हणून घरी गेलं तर तीन-चार दिवसांनी काळं होऊन परत येतं. चाक पावलावरून गेल्याची खात्री असेल तर एक्स-रे स्वच्छ असला तरी पेशंटला ४८ तास दाखल ठेवा आणि कातडी रोज पाहा.

विचारायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत: वाहन किती जड होतं, चाक वरून निघून गेलं की थांबून राहिलं, ब्रेक लागून घसटलं का, पायात बूट होता की चप्पल, किती वेळ झाला, जखमेत शेतातली माती किंवा गटाराचं पाणी गेलं का. ब्रेक लागलेलं चाक कातडी घासून हाडापर्यंत जातं आणि डांबर-खडी आत रुतवतं. थांबून राहिलेल्या चाकाखाली स्नायू मरतात. मधुमेह, तंबाखू आणि पायाच्या रक्तवाहिन्यांचा जुना आजार हेही तेव्हाच विचारून लिहून ठेवा. कोणता फ्लॅप चालेल हे ठरवताना ही माहिती लागणार आहे.

दुचाकीच्या मागे बसलेल्या लहान मुलाची टाच चाकाच्या आऱ्यांत जाते, ही इजा वेगळी. टाचेच्या मागची कातडी सोलून निघते, अकिलीस टेंडन (पोटरीचे स्नायू टाचेला जोडणारा जाड दोर) उघडा पडतो, कधी तुटतो. पाय सोडवताना चाक उलटं फिरवू नये, आरे कापावेत. आलेल्या मुलाची जखम छोटी वाटते आणि कडा छान जुळताहेत म्हणून टाके घालायचा मोह होतो. ती कातडी चिरडलेली असते. ताणून टाके घातले तर पाच-सहा दिवसांनी ती सगळी पट्टी काळी पडते. स्वच्छ धुवा, सैल ठेवा, स्लॅब (प्लास्टरची अर्धी पट्टी) द्या आणि ४८ तासांनी पुन्हा बघा.

पहिला तास

पाऊल कितीही भयानक दिसलं तरी श्वास, छाती, पोट आणि डोकं आधी. वाहनाच्या अपघातात पावलाकडे सगळ्यांचं लक्ष असताना पेशंट फुटलेल्या स्प्लीनने जातो.

रक्त वाहत असेल तर गॉझचा गठ्ठा ठेवून हाताने दाबा. बहुतेक रक्तस्राव एवढ्यानेच थांबतो. जखमेत आंधळेपणाने आर्टरी फोर्सेप्स घालू नका. पोस्टिरिअर टिबियल धमनीला लागूनच तळव्याची नस असते, ती चिमट्यात आली की तळव्याची संवेदना गेली. जखमेचा एक चांगला फोटो घ्या, सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉझने झाका, वरून प्लास्टिकचा पातळ थर द्या. पुढे जो येईल त्याला फोटो दाखवा. प्रत्येकाने पट्टी सोडून पाहिली तर प्रत्येक वेळी वॉर्डातले जंतू आत जातात.

घोटा किंवा टॅलस (घोट्यातलं, टाचेवरचं हाड) निखळून कातडी आतून ताणली गेली असेल तर एक्स-रेची वाट पाहू नका. वेदनाशामक देऊन लगेच ओढून जागेवर आणा आणि स्लॅब घाला. ताणलेली पांढरी कातडी काही तासांतच मरते.

अँटिबायोटिक पहिल्या तासातच शिरेतून जायला हवं. ओटीत पोचल्यावर देऊ, असं म्हणू नये. प्रौढांना सेफॅझोलिन २ ग्रॅम, वजन १२० किलोच्या वर असेल तर ३ ग्रॅम. गुस्तिलो-अँडरसनच्या (उघड्या फ्रॅक्चरच्या वर्गवारीतल्या) तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर प्रकारची जखम असेल तर जोडीला जेंटामायसिन (५ मिग्रॅ प्रति किलो, किडनी पाहून) किंवा त्याऐवजी पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम. शेतातली माती किंवा शेण असेल तर पेनिसिलिनही जोडतात. जखम झाकल्यावर २४ तासांनी थांबवा. जखम उघडी असली तरी ७२ तासांच्या पुढे अँटिबायोटिक ओढत नेण्याला आधार नाही. मेलेला स्नायू आत ठेवून कितीही महाग अँटिबायोटिक दिलं तरी उपयोग नसतो, कारण औषध रक्तातून जातं आणि त्या स्नायूत रक्तच पोचत नाही. धनुर्वाताची लस ०.५ मिली स्नायूत. आधीचे डोस अपुरे किंवा माहीत नसतील तर टिटॅनस इम्युनोग्लोब्युलिन २५० युनिट, दुसऱ्या जागी वेगळ्या सिरिंजने.

तुटलेलं बोट बरोबर आणलं असेल तर सलाइनच्या ओल्या गॉझमध्ये गुंडाळून पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बर्फ थेट लागला तर पेशी गोठतात. पायाची बोटं परत जोडण्याचे प्रसंग थोडे असतात, पण त्या तुकड्याची कातडी, नख, अगदी हाडसुद्धा ग्राफ्ट (रक्तपुरवठ्याविना दुसरीकडे लावायचा तुकडा) म्हणून वापरता येतं. फेकू नका.

नाडी, संवेदना, दाब

डोर्सालिस पेडिस (पावलाच्या वरची) आणि पोस्टिरिअर टिबियल (आतल्या घोट्यामागची), दोन्ही नाड्या दोन्ही पायांत पाहा. काही निरोगी माणसांतही डोर्सालिस पेडिस हाताला लागत नाही, म्हणून दुसऱ्या पायाशी तुलना हवीच. हाताला लागली नाही तर डॉप्लर (रक्तप्रवाह ऐकवणारं यंत्र). घोट्याचा सिस्टॉलिक दाब भागिले दंडाचा सिस्टॉलिक दाब हे गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी आलं तर सीटी अँजिओग्राफी. पावलाला रक्त पोचतच नसेल तर साधारण सहा तासांच्या आत ते सुरू व्हायला हवं. बाकीचं सगळं त्यानंतर.

चेंगरलेल्या पावलात कम्पार्टमेंट सिंड्रोम (स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब वाढून रक्त थांबणं) होतो हे विसरलं जातं. पावलात नऊ कप्पे मोजले जातात. जखम उघडी आहे म्हणजे कप्पे मोकळे झाले, हा समज चुकीचा. फ्रॅक्चरच्या मानाने फार जास्त दुखणं, गच्च टणक पाऊल आणि बोटं वर केली की किंकाळी, ही त्रयी दिसली की दाब मोजा. डायस्टॉलिक रक्तदाब आणि कप्प्यातला दाब यांतलं अंतर ३० मिमीपेक्षा कमी असेल तर कप्पे उघडायचे. नेहमीची पद्धत: वरून दोन चिरा, एक दुसऱ्या मेटाटार्सलच्या किंचित आतल्या बाजूला आणि दुसरी चौथ्याच्या किंचित बाहेरच्या बाजूला, शिवाय टाचेच्या खोल कप्प्यासाठी आतल्या कडेने एक. दोन वरच्या चिरांमधली कातडीची पट्टी रुंद ठेवा. तिथे आधीच डिग्लोव्हिंग असेल तर ती पट्टी वाचणार नाही, म्हणून चिरांची जागा ठरवण्याआधी कातडी तपासा. चुकलेल्या कम्पार्टमेंटची किंमत महिन्यांनी दिसते: नख्यांसारखी वाकलेली बोटं, ताठ पाऊल, जळजळ.

तळव्याला स्पर्श कळत नाही एवढ्यावरून पाय कापायचा निर्णय पूर्वी होत असे. पायाच्या गंभीर इजांवरच्या, अमेरिकेतल्या लीप अभ्यासाने तो पाया काढून घेतला. सुरुवातीला तळवा बधिर असूनही पाय वाचवलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांत दोन वर्षांनी संवेदना नेहमीसारखी सापडली. नस अनेकदा तुटलेली नसते, दबलेली किंवा ताणलेली असते. त्याच अभ्यासात इजेच्या गंभीरतेला गुण देणाऱ्या मेस स्कोअरसारख्या गुणतक्त्यांवरून ‘हा पाय कापा’ असं ठरवता येत नाही, हेही दिसलं. गुण मांडा, नोंद ठेवा, पण निर्णय घ्या तो टाचेची गादी, पोस्टिरिअर टिबियल नस-धमनी, घोट्याचा सांधा आणि पेशंटची एकूण प्रकृती या चार गोष्टींवर. टाचेची गादी आणि तळवा दोन्ही नष्ट झाले असतील तर गुडघ्याखाली कापून चांगला कृत्रिम पाय लावलेला माणूस वाचवलेल्या दुखऱ्या पावलापेक्षा लवकर कामाला लागतो. हे पेशंटला पहिल्या दोन दिवसांतच स्पष्ट सांगावं. सहा शस्त्रक्रियांनंतर तीच गोष्ट पटवणं फार कठीण जातं.

डिब्राइडमेंट

डिब्राइडमेंट म्हणजे मेलेलं मांस आणि घाण काढून जखम स्वच्छ करणं. शेण-माती-गटार असेल तर लगेच, जोरदार धडकेची उघडी इजा असेल तर १२ तासांत, बाकी उघड्या जखमा २४ तासांत. ब्रिटिश ऑर्थोपेडिक असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचना या अशाच आहेत. ऑर्थो आणि प्लास्टिक दोघांनी पहिल्याच वेळी एकत्र उभं राहावं. रात्री दोन वाजता एकट्या ज्युनिअरने केलेलं अर्धवट डिब्राइडमेंट दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

टुर्निके बांधा, पण फुगवू नका. कातडीची आणि स्नायूची कड रक्त देते का हेच तर बघायचं आहे. आधी भूल दिलेल्या पावलाची सगळी कातडी मऊ ब्रशने आणि साबणाने धुवा, नखांखालची घाणसुद्धा. मग ड्रेप. जखमेच्या आत साबण घालू नका. उघडी फ्रॅक्चर धुण्यावरच्या २०१५च्या फ्लो चाचणीत साबणाच्या पाण्याने जखम धुतलेल्या गटात पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचं प्रमाण साध्या सलाइनपेक्षा जास्त निघालं, आणि जोरात फवारा मारण्याचाही फायदा दिसला नाही. सलाइनची बाटली उंच टांगून संथ धार पुरते. मात्र प्रमाण हवं: गुस्तिलोच्या पहिल्या प्रकाराला ३ लिटर, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ९. आणि धुण्याआधी कापायचं. मेलेलं मांस धुऊन जिवंत होत नाही.

क्रम बाहेरून आत: कातडी, चरबी, फॅशिया (स्नायूवरचं आवरण), स्नायू, टेंडन, हाड. घड्याळाच्या दिशेने एका टोकापासून सुरू करा, म्हणजे कोपरा राहत नाही. कातडीच्या फक्त चिरडलेल्या कडा काढा, रक्ताचे लाल थेंब येईपर्यंत. पावलावर जास्तीची कातडी नसतेच. चरबी करडी दिसली की काढा. स्नायूला चार कसोट्या: रंग, घट्टपणा, चिमटीत धरल्यावर आक्रसणं, कापल्यावर रक्त येणं. यांतली आक्रसण्याची कसोटी सर्वांत भरवशाची. रंग दिव्याखाली फसवतो. टेंडनवरचं पातळ आवरण, पॅराटेनॉन, चिमट्याने ओढून सोलू नका. ते शिल्लक असेल तर वर साधा ग्राफ्ट धरतो, नसेल तर फ्लॅप लागतो. त्या पातळ आवरणावर पेशंटची एक मोठी शस्त्रक्रिया वाचते. हाडाचे सुटे तुकडे चिमट्याने उचलले गेले आणि त्यांना मांस चिकटलेलं नसेल तर टाका. अपवाद सांध्याच्या पृष्ठभागाचे मोठे तुकडे. रुतलेली डांबरी खडी त्याच दिवशी ब्रशने काढा, नंतर ती कायमची निळसर गोंदण होऊन राहते.

४८ तासांनी दुसरी फेरी. चेंगरलेल्या पावलात पहिल्या दिवशी जिवंत वाटलेली कातडी हमखास थोडी मागे हटते.

सुटलेल्या कातडीचं काय करायचं

सर्वांत जास्त चुका इथे होतात. पावलाच्या वरची कातडी पुढच्या बाजूला अडकलेली, मागून सुटलेली, मस्तपैकी जागेवर बसते. टाके घातले की जखम बंद, सगळे खूश. पाचव्या दिवशी तो सगळा तुकडा काळा, खाली पू, आणि तोपर्यंत ती कातडी ग्राफ्ट म्हणूनही वाया गेलेली.

तुकड्याची कड कापून पाहा. लाल, ठिपक्याठिपक्यांनी रक्त आलं तर तो भाग राहील. काळपट रक्त हळूहळू ओघळलं तर शिरा तुंबल्या आहेत, तो भाग संशयात. काहीच आलं नाही तर मेला. जिथे रक्त थांबतं तिथे पेनने रेघ मारा आणि रेघेपलीकडची कातडी पूर्ण काढून घ्या. टेबलावर उलटी ताणून वक्र कात्रीने मागची सगळी चरबी कापा, इतकी की पांढरी चकाकणारी डर्मिस (कातडीचा आतला थर) दिसेल. जाड, चिरडलेली कातडी असेल तर डर्माटोमने (कातडीचा थर कापणाऱ्या यंत्राने) तिच्यावरून पातळ थर काढा. सुरीने बारीक छिद्रं पाडून, खाली स्वच्छ, रक्त असलेला तळ असेल तर त्याच वेळी बसवा. तळ संशयास्पद असेल तर ती कातडी ओल्या गॉझमध्ये गुंडाळून, लेबल लावून ४ अंशांवर फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या फेरीत वापरा. जितक्या लवकर वापराल तितकी ती चांगली धरते.

टाचेच्या गादीचा नियम वेगळा. तिची चरबी उभ्या धाग्यांच्या कप्प्यांत बांधलेली असते आणि तशी गादी शरीरात दुसरीकडे कुठेच नाही. ती अर्धवट जोडलेली असेल आणि रक्त देत असेल तर चरबी न काढता जागेवर ठेवा, खाली ड्रेन घाला, आणि एक-दोन के-वायर (हाडात घालायच्या बारीक तारा) गादीतून टाचेच्या हाडात घालून ती सरकणार नाही अशी पक्की करा. टाके सैल.

हाडं: सांगाडा आधी, बारकावे नंतर

पहिल्या दिवशी लांबी आणि आकार मिळवायचा. पावलाचे आतला आणि बाहेरचा असे दोन स्तंभ, दोन्हींची लांबी हवी. घोट्यावरून जाणारा एक्सटर्नल फिक्सेटर (हाडं बाहेरून धरणारी चौकट): टिबियात (नडगीच्या हाडात) ५ मिमीचे दोन पिन, टाचेच्या हाडात एक आरपार, पहिल्या मेटाटार्सलमध्ये ४ मिमीचा एक. पाऊल काटकोनात. हा पुढचा पिन विसरला की पाऊल खाली लोंबतं, अकिलीस आखडतो आणि सुरेख फ्लॅप असूनही पेशंट चवड्यावर चालतो. पिन कुठे घालणार ते प्लास्टिकवाल्यांना आधी विचारा. फ्लॅपच्या वाटेत किंवा रक्तवाहिनी जोडायच्या जागी पिन आला तर तो काढून पुन्हा घालावा लागतो.

मेटाटार्सलला १.६ मिमीची के-वायर बहुतेकांना पुरते. बोटाखालून, मेटाटार्सलच्या डोक्यातून मागे सारायची.  सगळ्या मेटाटार्सलची डोकी एका सलग कमानीत आणि तळव्याकडून एका पातळीत आली पाहिजेत. एक खाली राहिलं तर त्याच्याखाली आयुष्यभर घट्टा, एक वर राहिलं तर शेजारच्याखाली. लहान मुलांत वाढीच्या रेषेतून फक्त गुळगुळीत तार जाऊ द्या. तारा चार ते सहा आठवड्यांनी निघतात.

लिसफ्रँक सांधा (मेटाटार्सल आणि त्यांच्या मागच्या क्युनिफॉर्म-क्युबॉइड हाडांमधला) तपासताना हमखास नजरेतून सुटतो. समोरून घेतलेल्या एक्स-रेवर दुसऱ्या मेटाटार्सलची आतली कड आणि मधल्या क्युनिफॉर्मची आतली कड एका रेषेत हवी. तिरक्या फोटोत चौथ्या मेटाटार्सलची आतली कड आणि क्युबॉइडची आतली कड. तळव्यावर निळा डाग असेल आणि फोटो साधा वाटत असेल तर सीटी करा. पहिले तीन सांधे स्क्रू किंवा प्लेटने घट्ट, चौथा-पाचवा तारेने. बाहेरच्या बाजूला हालचाल लागते, तिथे कायमचं घट्ट करू नये. प्लेट घालायची असेल तर वर झाकण असल्याखेरीज नको. ज्या दिवशी फ्लॅप, त्याच दिवशी प्लेट, हा क्रम चांगला.

हाड गायब असेल तर त्या खळग्यात अँटिबायोटिक मिसळलेलं सिमेंट भरा: ४० ग्रॅमच्या पाकिटात साधारण २ ग्रॅम व्हँकोमायसिन. सिमेंट घट्ट होताना गरम होतं, सलाइन सोडत राहा. सहा ते आठ आठवड्यांत त्याभोवती पापुद्रा तयार होतो. तो उघडून सिमेंट काढायचं आणि कमरेच्या हाडाचा चुरा भरायचा. मास्केलेची ही पद्धत पहिल्या मेटाटार्सलला छान लागू पडते.

झाकण: कुठे काय

प्लास्टिक सर्जन मार्को गोदिना यांनी १९८६ मध्ये ५३२ फ्री फ्लॅपचा (पूर्ण कापून नव्या जागी रक्तवाहिन्या जोडलेल्या फ्लॅपचा) हिशेब मांडला. ७२ तासांच्या आत झाकलेल्यांत फ्लॅप फसण्याचं प्रमाण १ टक्क्याच्या खाली होतं, ७२ तास ते तीन महिन्यांच्या दरम्यान झाकलेल्यांत १२ टक्के. तेव्हापासून ७२ तास हा आकडा सर्वांच्या डोक्यात आहे. जखमेतला द्राव ओढून घेणाऱ्या व्हॅक्यूम ड्रेसिंगने तो थोडा ताणता येतो, मोडता येत नाही. व्हॅक्यूम −१२५ मिमी, दर ४८–७२ तासांनी बदल, टेंडनवर न चिकटणारी जाळी, उघड्या धमनीवर अजिबात नाही. उघड्या हाडावर तीन-तीन आठवडे व्हॅक्यूम बदलत बसणं म्हणजे फ्लॅपचा निर्णय टाळणं. आत मांसाचे लाल दाणे दिसतात, पण त्यांच्यात जंतू आणि व्रण दोन्ही वाढलेले असतात, आणि रक्तवाहिन्या लाकडासारख्या झालेल्या.

पावलाच्या वरच्या बाजूला पॅराटेनॉन शाबूत असेल तर मांडीवरून ०.३ मिमी जाडीचा ग्राफ्ट, १:१.५ जाळी करून. पाच दिवस हलू द्यायचा नाही. पाचव्या दिवशी उघडताना ड्रेसिंग भिजवून काढा. ग्राफ्ट रक्त साचून, घसरून किंवा जंतूंमुळे जातो. पहिल्या दोन गोष्टी पूर्ण आपल्या हातात आहेत. टेंडन उघडे पण छोट्या भागात असतील तर कृत्रिम डर्मिस आणि तीन आठवड्यांनी ग्राफ्ट. मोठा उघडा भाग असेल तर पातळ फ्री फ्लॅप. जाड फ्लॅप वर बसवला तर बूट घालता येत नाही.

टाचेखाली लहान ते मध्यम जखमेला मिडिअल प्लांटर फ्लॅप पहिली पसंती. तळव्याच्या कमानीतली, वजन न घेणारी, पण तळव्याचीच कातडी, संवेदनेसह. धमनी ॲबडक्टर हॅल्युसिस आणि फ्लेक्सर डिजिटोरम ब्रेव्हिस यांच्या मधल्या फटीत असते. उचलण्याआधी पोस्टिरिअर टिबियल आणि लॅटरल प्लांटर दोन्ही डॉप्लरवर ऐकून घ्या. चाक कमानीवरूनच गेलं असेल तर हा फ्लॅप विसरा.

टाचेच्या मागे आणि घोट्याभोवती रिव्हर्स सुरल फ्लॅप (पोटरीवरून देठासह खाली फिरवलेला). मायक्रोस्कोप लागत नाही, म्हणून सगळीकडे होतो, आणि म्हणूनच निष्काळजीपणे केला जातो. पेशंट पालथा. जखमेचा साचा निर्जंतुक कागदावर कापा, चहूबाजूंनी एक सेंटीमीटर वाढवून पोटरीवर उलटा मांडा. फिरण्याचा बिंदू बाहेरच्या घोट्याच्या टोकापासून किमान ५ सेंटीमीटर वर. तिथल्या पेरोनिअल धमनीच्या शाखा डॉप्लरने शोधून खूण करा आणि त्याच्या खाली कात्री नेऊ नका. वरच्या कडेने फॅशियाखाली जा, सुरल नस आणि शॉर्ट सॅफेनस शीर बांधून फ्लॅपबरोबर घ्या. कातडी फॅशियाला दोन-चार टाक्यांनी बांधत चला, नाहीतर उचलता उचलता दोघांची फारकत होते. देठ ३–४ सेंटीमीटर रुंद. बोगद्यातून ओढू नका. मधली कातडी उघडून देठ त्यात मोकळा बसवा आणि वर ग्राफ्ट टाका. टेबलावरच निळा पडला तर देठाला पीळ बसलाय का पाहा, टाके सोडा, आणि तरीही सुधारला नाही तर परत पोटरीवर शिवून आठवड्याने पुन्हा या. तंबाखू, मधुमेह आणि रोगट रक्तवाहिन्या असतील तर सुरुवातीपासूनच असं दोन टप्प्यांत करावं. बाहेरच्या कडेला बधिरपणा राहतो, हे पेशंटला आधी सांगा.

त्याहून मोठी जखम म्हणजे फ्री फ्लॅप. मांडीच्या कातडीचा एएलटी, मांडीचा ग्रॅसिलिस स्नायू किंवा पाठीचा लॅटिसिमस स्नायू. शिरा-धमन्या इजा झालेल्या भागाच्या बाहेर जोडा, धमनी शक्यतो कडेला, म्हणजे पावलाचा पुरवठा चालू राहतो, आणि शिरा जमल्यास दोन.

फ्लॅपवर पहारा

पहिले २४ तास दर तासाला, पुढचे दोन दिवस दर दोन-तीन तासांनी, दिव्याच्या उजेडात. नर्सला दोनच चित्रं पक्की शिकवा. पांढरा, गार, दाबल्यावर रंग परत न येणारा, टोचल्यावर रक्त न देणारा: धमनी बंद. जांभळा, फुगलेला, दाबून सोडल्यावर झटकन रंग येणारा, टोचल्यावर काळं रक्त भसकन देणारा: शीर बंद. दुसरं जास्त वेळा घडतं. आधी ड्रेसिंग आणि टाके सैल करा, पाय उंच करा, आणि फ्री फ्लॅप असेल तर ‘सकाळपर्यंत बघू’ न म्हणता ओटी उघडा. पेशंट उबदार, लघवी तासाला किलोमागे अर्धा ते एक मिली, तंबाखू पूर्ण बंद. टाच हवेत राहिली पाहिजे. फिक्सेटरला मागून जोडलेला आडवा रॉड स्टँडचं काम करतो. उशीवर ठेवलेली टाच रात्री घसरून गादीवर येतेच.

पाचव्या ते सातव्या दिवसापासून पाय खाली सोडायला सुरुवात: पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, फ्लॅपला पट्टी गुंडाळून. जांभळा होऊन वर घेतल्यावर लगेच खुलला तर रोज पाच-पाच मिनिटं वाढवा.

अर्धं पाऊल कापावं लागलं तर

बोटं किंवा कडेचं एखादं मेटाटार्सल गेलं तर चालण्यात फार फरक पडत नाही, पहिलं मेटाटार्सल सोडून. मेटाटार्सलमधून कापताना तळव्याचा पडदा लांब ठेवा, म्हणजे शिवण वर येते आणि वजन तळव्याच्या कातडीवर पडतं. शोपार्ट पातळीवर (टाच आणि टॅलसच्या लगेच पुढच्या सांध्यातून) कापलं तर पाऊल वर उचलणाऱ्या टेंडनचा आधार जातो, अकिलीस मात्र शाबूत. काही महिन्यांत टाच वर ओढली जाऊन टोकावर व्रण. त्यामुळे त्याच शस्त्रक्रियेत अकिलीस लांब करून टिबियालिस अँटिरिअर टॅलसला बांधावा.

चालायला लावताना

साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, हाड आणि फ्लॅप दोन्ही पाहून वजन सुरू. पहिल्या दिवशी कुबड्यांवर १५ मिनिटं, मग मोजा काढून फ्लॅप पाहा. लाली अर्ध्या तासात गेली तर दुसऱ्या दिवशी वाढवा, राहिली तर कमी करा. बधिर फ्लॅपवर खडा टोचलेला कळत नाही, म्हणून रोज रात्री आरशात तळवा पाहणं आणि बूट घालण्याआधी आत हात फिरवणं ही सवय आयुष्यभराची. साच्याप्रमाणे केलेला मऊ इनसोल, टाचेला खोलगट कप. फुगलेला फ्लॅप बारीक करायचा असेल तर किमान तीन ते सहा महिने थांबा, आणि एका वेळी एकाच बाजूने अर्धा उचला. तेवढ्या काळात कम्प्रेशनच्या मोज्यानेच तो बराच उतरतो, आणि बऱ्याच जणांना चाकूची गरजच उरत नाही.